वाढत्या पायाचं माप

१२ सप्टेंबर

प्रिय घुमी हिला खारीचा स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे अर्धं मिळालं. दुसरं पान टपाल तपासणाऱ्या साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ठेवूनच घेतलं. आधीच तू चार वाक्यं बोलायला चार दिवस घेणारी, म्हणून तर वर्गात तुझं नाव घुमी पडलं. त्यातली दोन साहेबांनी नेली तर माझ्या वाट्याला काय उरणार? यापुढे महत्त्वाचं सगळं पहिल्या पानावर लिहीत जा. साहेबांनाही माझा नमस्कार.

इकडे सगळं ठीक, म्हणजे तिघंही जिवंत आहोत. आपल्या लोकांनी शाळेत शिकवायचं नाही असा हुकूम आला आणि अप्पांची नोकरी गेली. पुढच्याच आठवड्यात आपल्या लोकांनी शिकायचंही नाही असा आला आणि मी घरी बसले. सायकली जमा झाल्या, रेडिओ जमा झाले. दुकानात आम्हाला दुपारी एकच तास जाता येतं, आणि त्या तासाला दुकानात मीठ तेवढं असतं. घराच्या दोन खोल्या एका अधिकाऱ्याला दिल्या. आम्ही आता आईच्या शिवणाच्या खोलीत राहतो. अप्पा रोज सकाळी दाढी करतात, कोट चढवतात आणि शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून मला भूमिती शिकवतात. वर्गात एकच पोरगी, तरी हजेरी घेतात. आई म्हणते, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मांजरही ठेवायचं नाही असं निघालं. खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींनी आमचं मांजर नेलं. त्या आपल्यातल्या नाहीत, त्यांना चालतं. मी खिडकीतून बघते, ते त्यांच्या गरम कपड्यांवर झोपतं. माझ्याकडे मान वर करून बघतसुद्धा नाही. घरचे झाले थोडे!

आता कामाचं. काकांनी बुटांसाठी मागितलं होतं तसं पायांचं माप पाठवते आहे. मागच्या पानावर दोन्ही पाय ठेवून आईने पेन्सिल फिरवली. मला गुदगुल्या झाल्या म्हणून उजव्याची करंगळी वाकडी आली आहे, ती सरळ समजावी. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय की हा नकाशा नसून मुलीचे पाय आहेत, नाहीतर साहेब दोन बेटं म्हणून ठेवून घ्यायचे. माझे जुने बूट इतके आखूड झालेत की अप्पांनी पुढून ब्लेडने कापून बोटांना खिडक्या केल्या. उन्हात ठीक होतं. पण हुकूम लागतात त्या फळ्याजवळ लोक बोलतात की थंडी पडायच्या आत आमच्या गल्लीला उत्तरेकडच्या खाणींवर नेणार, आणि आगगाड्या सैन्याला लागतात म्हणून चालत नेणार. अप्पा म्हणतात, अफवा आहेत. रात्री मात्र त्यांनी आपल्या बुटांचे तळ दिव्याजवळ धरून बघितले.

तू म्हणायचीस, खारीच्या पायाला भिंगरी आहे. आता भिंगरीला बूट हवेत. काकांना जमेल का, एवढं कळव.

काकांना सा. न. सांग. माझ्यावरचा लोभ जपून ठेव, तो अजून जमा करायला सांगितलेला नाही.

तुझी,
खार

*

१ ऑक्टोबर

प्रिय खारूताई हिला घुमीचा स. न. वि. वि.

सगळं पहिल्या पानावर लिहिते.

बाबा बूट करताहेत. माप मिळालं त्याच दिवशी त्यांनी ट्रंक उघडली. तिकडून निघताना दुकानातले सगळ्या गिऱ्हाइकांचे फर्मे, म्हणजे ती लाकडी पावलं, तिथेच सोडून यावी लागली. मोजकेच आणले. मला वाटलं होतं, चांगल्या गिऱ्हाइकांचे असतील. ट्रंकेतून निघाला माझा, आईचा आणि तुझा. आई जाऊन सहा वर्षं झाली, तिचा का आणला ते मी विचारलं नाही. तुझा का आणला ते विचारलं, तर म्हणाले की चालू काम अर्धं टाकून यायचं नसतं.

तुला आठवतं का, दर सहा महिन्यांनी आपण दोघी दुकानात एकाच बाकावर बसायचो आणि ते आपले पाय मोजायचे? मग फर्म्याच्या अंगठ्याजवळ नि टाचेला चामड्याची पातळ पट्टी चिकटवायचे. पाय वाढला की फर्मा वाढवायचा. तुझ्या फर्म्यावर सात पट्ट्या आहेत, माझ्याही सात. परवा त्यांनी मलाही बाकावर बसवून मोजलं आणि दोन्ही फर्म्यांवर आठवी पट्टी लावली. माझा पाय तुझ्याइतकाच भरला. आपण दोघी एका मापाने वाढतो असं ते म्हणाले. महिनाभरात ते बोललेलं सगळ्यांत मोठं वाक्य हेच असेल. घुमेपणा मी कुणाकडून घेतला ते कळलंच असेल तुला.

बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड तळाचे. पुढे अंगठाभर जागा जास्त ठेवली आहे, तुझा पाय अजून वाढायचा आहे म्हणून. त्या जागेत कापसाचा बोळा असेल. बोटं टेकायला लागली की काढून टाक, त्याआधी नाही.

एक गोष्ट नीट वाच. बूट जोडीने पाठवणार नाही. इथल्या बेकरीवाल्याने आपल्या भावाला जोडी पाठवली, ती वाटेतच कुणाच्या तरी पायात गेली. म्हणून आधी डावा येईल. तो पोचल्याचं तुझं पत्र आलं की उजवा निघेल. एका बुटासाठी चोरी करायला एका पायाचा चोर लागेल, असं बाबा म्हणाले. ते थट्टा करत होते की नाही, मला समजलं नाही. तुमच्या नावावर आता पार्सल देत नाहीत असं इथे कळलं, म्हणून इस्त्रीवाल्या मावशींच्या नावावर पाठवतो आहोत.

माझं बरं आहे. मी कारखान्यात सैनिकांच्या बुटांची वरची शिवण घालते. ते सैनिक कुणाच्या बाजूचे, ते मी विचारत नाही. इथली भाषा मला येते, पण कुणी काही विचारलं की मी मान हलवते. लोकांना मी मुकी वाटते. ते बरं पडतं. पूर्वी मला संध्याकाळी तुमच्या गल्लीची आठवण येऊन रडू यायचं. हल्ली तसं होत नाही. हे चांगलं की वाईट, तू सांग.

अप्पांना नि काकूंना शि. सा. न. लोभ आहेच. तो वाढत्या मापाचा समजावा.

तुझी,
घुमी

*

२४ ऑक्टोबर

प्रिय घुमी हिला स. न. वि. वि.

डावा आला! मावशींनी तो इस्त्रीच्या चादरींच्या गठ्ठ्यात लपवून वर आणला आणि पलंगावर ठेवून गेल्या. घुमी, काय बूट आहे गं. आईने त्याला नाक लावून वास घेतला. अप्पांनी शिवणीचे टाके मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. मी तो तेव्हापासून घरात घालूनच असते. एका पायात बूट, दुसऱ्या पायात आईचा मोजा. चालताना डावीकडे उंच आणि उजवीकडे बुटकी होते. अप्पांना हसू आलं. शाळा गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले.

बोळा तसाच आहे. काकांना सांग, मी आज्ञाधारक आहे.

आता अफवा राहिली नाही. फळ्यावर लागलंय. आमच्या गल्लीने पुढच्या महिन्यात निघायचं, हाताने नेता येईल तेवढंच न्यायचं. तारीख आदल्या दिवशी सांगणार. आधी सगळ्यांना गावाबाहेरच्या वीटभट्टीच्या आवारात जमवणार आणि तिथून चालत. किती लांब ते लिहिलेलं नाही. गेल्या महिन्यात नदीकाठची गल्ली गेली. त्यांच्यातलं परत कुणी आलं नाही, पण परतीचा एक गाडीवाला मावशींना म्हणाला की ज्यांना पायांनी दगा दिला ते वाटेतच राहिले. हे लिहावं की नाही असा विचार केला आणि लिहिलं. साहेबांना खोडायचं तर खोडू देत.

तू विचारलंस ना, रडू यायचं थांबलं ते चांगलं की वाईट. माझंही थांबलं. हुकूम वाचला, घरी आले, आईला वाचून दाखवला, बटाटे सोलले. सालं पातळ निघाली म्हणून आईने शाबासकी दिली. त्या दिवशीचं दुसरं काही मला आठवत नाही. वाईट असेल तर दोघींचं वाईट आहे.

उजवा पाठव. मी मागते आहे याची लाज वाटते, पण मागते. डाव्याने एकट्याने काय करावं? आई म्हणते, एका हाताने टाळी वाजत नाही, एका बुटाने वाट सरत नाही. दुसरी म्हण तिने जागच्या जागी केली आहे.

काकांना सा. न. लोभाची जोडी फोडू नये, एवढंच मागणं.

तुझी,
खार

*

६ नोव्हेंबर

प्रिय खार हिला स. न. वि. वि.

उजवा अजून निघालेला नाही. आधी तेच सांगते.

तो तयार होता. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खोक्यात घालून सुतळीही बांधली होती. बाबांनी खोकं उघडायला सांगितलं. बूट पुन्हा फर्म्यावर चढवून काढला आणि आत हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग तुझ्या मापाचा कागद काढला. तू लिहिलं होतंस की करंगळी गुदगुल्यांमुळे वाकडी आली, ती सरळ समजावी. त्यांनी सरळच समजली होती. पण त्यांना जुनी आठवण झाली की तुझी उजवी करंगळी खरंच थोडी आत वळलेली आहे, शेजारच्या बोटावर चढते. लहानपणापासून. तुला स्वतःला माहीत नसेल, पण त्यांना माहीत आहे. तिथे बूट तांदळाच्या दाण्याएवढा घासणार होता.

मी म्हटलं, तसाच पाठवू या. त्यांनी रापी घेतली आणि तळ उसवला.

खार, मी त्यांच्याशी भांडले. मी भांडले, घुमीने. मी म्हटलं की तांदळाच्या दाण्याने कुणी मरत नाही. ते म्हणाले की गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तर काही होत नाही, लांब जायचं तर त्याच दाण्याची जखम होते आणि जखमेने माणूस बसतं. आणि बसलं की काय होतं ते तुझ्याच पत्रात लिहिलं होतं. मी खोक्याची सुतळी गुंडाळून ठेवली.

उसवल्यावर तळाचं चामडं पुन्हा लागलं. इथे चामडं आता कूपनवर मिळतं आणि बाबांची कूपनं तुझ्या बुटातच संपली आहेत. कारखान्यातल्या मुकादमाचे पाय धरले तेव्हा एक तुकडा मिळाला. अडला हरी, दुसरं काय. येत्या आठवड्यात बूट पुरा होईल आणि त्याच दिवशी टपालात पडेल. तोवर तुम्हाला तिथेच ठेवू देत, असं मी रोज सकाळी मनात म्हणते. कुणाला उद्देशून म्हणते ते माहीत नाही.

लोभ असू दे. रागावली असलीस तर रागासकट असू दे.

तुझी,
घुमी

*

१९ नोव्हेंबर

प्रिय घुमी हिला स. न. वि. वि.

तुझं पत्र आजच मिळालं, आणि आजच फळ्यावर तारीख लागली. उद्या सकाळी निघायचंय. म्हणून थोडक्यात.

मोजा काढून बघितलं. करंगळी खरंच आत वळलेली आहे! पंधरा वर्षं माझ्याच पायाला आहे आणि मला पत्ता नाही. आईलाही नव्हता. आम्ही तिघं मिळून माझ्या करंगळीकडे बघत बसलो.

काकांशी भांडू नकोस. त्यांना सांग, घाई करू नका, नीट करा. उद्यापर्यंत येणं तर कोणत्याही बुटाला शक्य नाही, मग दाणाभर का चुकवायचा? मी अप्पांचे बूट घालणार आहे. ते मला दोन बोटं मोठे आहेत, पुढे आईने चिंध्या कोंबल्या. अप्पा म्हणतात की त्यांना घरातल्या चपलाच सोयीच्या पडतात. तसं त्यांनी भूमितीच्या प्रमेयासारखं सिद्ध करून दाखवलं. मी मान्य केलं नाही, पण या घरात मास्तरांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

डावा बूट मावशींकडे ठेवून जाते. उचलून न्यावा असं मनात होतं, पण ओझं मोजकंच न्यायचंय, आणि एकट्या बुटापेक्षा एक भांडं बरं असं आईचं मत पडलं. उजवा आला की मावशी जोडी तुला परत पाठवतील. तू वापर, आपलं माप एकच आहे. नाहीतर ठेव. मी आले की घालीन.

साहेब, हे पत्र अख्खं जाऊ द्या. यात काही नाही.

काकांना शि. सा. न. लोभ तुझ्याकडेच ठेवला आहे, न्यायला येईन.

तुझी,
खार

*

८ डिसेंबर

चि. मुलीस, इस्त्रीवाल्या मावशीचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ कर. तुझा उजवा बूट आला. ते लोक गेल्यावर तिसऱ्या दिवशी आला. वीटभट्टीच्या आवारात त्यांना काही दिवस ठेवतात असं मी ऐकून होते, म्हणून मी दोन्ही बूट चादरींच्या गठ्ठ्यात घालून तिथे गेले. अधिकाऱ्यांचे कपडे घेऊन आले म्हटल्यावर मला आत सोडलं. आवार रिकामं होतं. झाडूवाला झाडत होता. तो म्हणाला, कालच निघाले.

मी बघितलेलं तुला सांगावं म्हणून सांगते. निघाले त्या सकाळी मी खिडकीत होते. पोरीने बापाचे बूट घातले होते, पाय टाकी तेव्हा टाच वर यायची. मास्तर कोट घालून होते आणि पायांत चपला, वरून फडकी बांधलेली. जमीन गोठलेली होती. पोरीने वर बघून मांजराला हात केला. मी मांजर उचलून दाखवलं. मग ती वळली. आईने मागे बघितलं नाही.

त्या दिवशीही मी इस्त्री केली. त्यांना नेणाऱ्या साहेबांचे शर्ट माझ्याकडेच येतात, नाही म्हणता येत नाही. तू माझ्याबद्दल काय समजायचं ते समज.

दोन्ही बूट एकाच पार्सलात पाठवते आहे. टपालातला माणूस म्हणाला की जोडी चोरीला जाते. मी म्हटलं, गेली तर गेली. डावा बूट थोडा वापरलेला दिसेल. वरच्या खोलीत तिचं रोज चालणं चालायचं, एक पाय वाजायचा आणि एक वाजायचा नाही. मला खाली ऐकू यायचं.

मांजर बरं आहे. तुमचा माझ्यावर लोभ असावा असं म्हणायचा मला हक्क नाही, पण रीत आहे म्हणून लिहिते.

मावशी

*

१२ सप्टेंबर

प्रिय खार हिला घुमीचा स. न. वि. वि.

तुला लिहून तीन वर्षं होत आली. लढाई संपली हे तुला कळलं असेल, जिथे असशील तिथे. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या की पत्र लिहून ठेवा, पत्ता लागला तर आम्ही पोचवू. त्यांच्या कपाटात अशी पुष्कळ पत्रं आहेत. पहिल्या पानावर मावेल एवढंच लिहिते, जुनी सवय.

मावशींचं पार्सल जसंच्या तसं पोचलं. कुणी चोरलं नाही. बाबांनी डाव्या बुटात हात घातला तर पुढे कापसाचा बोळा नव्हता. त्यांनी खोकं उलटं करून झटकलं, तिथेही नव्हता. मग ते म्हणाले, वाढली पोर. मी आज्ञाधारक आहे, असं तू लिहिलं होतंस. म्हणजे बोटं टेकायला लागली होती आणि तू तो काढलास, हे लिहायचं तेवढं राहून गेलं असणार.

बाबांना मी दोष दिला. तोंडावर दिला नाही, पण बरेच दिवस त्यांच्या ताटात वाढताना मी त्यांच्याकडे बघत नसे. एकदा ते आपणहून म्हणाले की तो पहिला उजवा तसाच गेला असता तर वेळेवर पोचला असता. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी ते बूट घातले नाहीत. मला रडूही आलं नाही. येईल म्हणून एका रविवारी मुद्दाम खोकं उघडून समोर बसले. बसून बसून भूक लागली, मग उठले.

पण तुला सांगायचं ते वेगळंच आहे. दर सहा महिन्यांनी बाबा मला बाकावर बसवून पाय मोजतात. माझ्या फर्म्यावर पट्टी लावतात आणि त्याच मापाची तुझ्या फर्म्यावर लावतात. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, चुकून लावली. मग दर खेपेला लावत गेले. आता तेरा पट्ट्या आहेत, तुझ्याही आणि माझ्याही. बाकावर मी एका कडेला बसते. तशी बस असं त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

परवा त्यांनी पुन्हा माझा पाय मोजला. टेप दोनदा लावून बघितला आणि ठेवून दिला. म्हणाले की वाढ थांबली, आता आहे हेच माप जन्मभराचं. मग तुझा फर्मा हातात घेतला. त्यावरून अंगठा फिरवला, करंगळीजवळ जरा थांबले आणि पट्टी न लावता तो खाली ठेवला. म्हणाले, हिचीही थांबली असेल.

मला वाटलं, संपलं. आता तुझा फर्मा आईच्या फर्म्याशेजारी ट्रंकेत जाणार. मी ट्रंक उघडायलाही उठले. त्यांनी विचारलं, कशाला उघडतेस. आणि दिव्याजवळ सरकून ते चामडं कापायला बसले. वाढत्या पायाला नेहमी अंदाजाने करावं लागतं, आता तुझे पक्क्या मापाचे करता येतील, पुढे कापूस घालायला नको, असं म्हणाले.

तुझा निरोप मी तेव्हा त्यांना सांगितला नव्हता. या वेळी सांगितला, की घाई करू नका, नीट करा. ते घाई करत नाहीत. करंगळीपाशी जागा सोडली आहे. झाल्यावर पोस्टाने पाठवायचे नाहीत, दोन्ही एकदम हातात द्यायचे, असं त्यांनी ठरवलंय. म्हणून न्यायला तूच ये.

लोभ इथे आहे. तुझ्या मापाचा आहे, दुसऱ्या कुणाला होणार नाही.

तुझी,
घुमी